शेंगांच्या राशी आणि उपग्रहाच्या प्रतिमा : तुकड्यांतून पूर्णाची सरासरी काढण्याचा इतिहास

कार्तिक महिन्याच्या अखेरच्या सोमवारी बंगळुरूच्या बसवनगुडी भागात भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. कन्नडमध्ये तिला ‘कडलेकाई परिषे’ म्हणतात. सोळाव्या शतकात केंपेगौडांनी बांधल्याचे मानले जाणारे नंदीचे मंदिर हे तिचे केंद्र. बुल टेंपल रोडच्या दोन्ही कडांना शेंगांच्या राशी लागतात. काही पोतीच्या पोती ओतून रचलेल्या, तर काही एका टोपलीत मावतील एवढ्याच. या संपूर्ण जत्रेतील शेंगेचे सरासरी वजन काढायचे ठरवले, तर सगळा माल एका जागी ओतण्याची गरज नाही. प्रत्येक राशीपाशी बसून तिच्यापुरती मोजणी करता येते. परंतु राशीराशींच्या सरासऱ्या घेऊन त्यांची पुन्हा सरासरी काढली, तर उत्तर चुकते. अशा हिशेबात कोपऱ्यातल्या टोपलीला आणि पोत्यांच्या ढिगाला सारखेच वजन मिळते.

हा दोष सांगितल्यावर कोणालाही पटतो. तरीही मोठ्या प्रतिमांच्या गणनेत तो पुन्हा पुन्हा डोकावतो. उपग्रहाची प्रतिमा संगणकाच्या स्मृतीत एका वेळी मावली नाही, की तिचे चौकोनी खंड पाडावे लागतात, एकेका खंडाचा हिशेब करावा लागतो आणि शेवटी ते हिशेब जोडावे लागतात. या पद्धतीला खंडशः प्रक्रिया किंवा ‘ब्लॉक प्रोसेसिंग’ म्हणतात. तिचा इतिहास संगणकापेक्षा जुना आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या एका संख्याशास्त्रज्ञाने लिहिला आहे.

उपग्रहाच्या दृष्टीने रंग म्हणजे आकडा. जमिनीच्या एका लहान चौकोनावरून परावर्तित झालेला प्रकाश हिरव्या, तांबड्या, अवरक्त अशा पट्ट्यांत मोजला जातो आणि प्रत्येक पट्ट्यासाठी एक संख्या नोंदली जाते. त्या चौकोनाला पिक्सेल म्हणतात. निरोगी पाने अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवतात आणि तांबडा शोषून घेतात; स्वच्छ पाणी अवरक्त जवळजवळ सगळाच गिळून टाकते. म्हणून एखाद्या भागातील या आकड्यांची सरासरी, त्यांचा विखुरलेपणा आणि दोन पट्ट्यांमधील परस्परसंबंध एवढे हाती आले, की तेथे झाडी आहे, तलाव आहे की काँक्रीट, याचा अंदाज बांधता येतो.

बसवनगुडीच्या पूर्वेला लागून असलेले लालबाग सुमारे २४० एकरांचे, म्हणजे जवळपास ९.७ लाख चौरस मीटरांचे आहे. भारताच्या ‘आयआरएस-१ए’ उपग्रहावरील ‘लिस-१’ कॅमेऱ्याचा पिक्सेल ७२.५ मीटर बाजूचा होता. त्याच्या प्रतिमेत ही संपूर्ण बाग सुमारे १८५ पिक्सेलांत संपत असे. २०१९ मध्ये सोडलेल्या ‘कार्टोसॅट-३’च्या बहुवर्णी कॅमेऱ्याचा पिक्सेल सुमारे १.१२ मीटरचा आहे. त्यात तीच बाग पावणेआठ लाख पिक्सेल व्यापते. त्याच उपग्रहाच्या सुमारे २८ सेंटिमीटरच्या कृष्णधवल प्रतिमेत ही संख्या सव्वा कोटीच्या घरात जाते. या उपग्रहाचा दृष्टिपट्टा १६ किलोमीटर रुंद आहे. अशा १६ किलोमीटर बाजूच्या एकाच चौरसात ३०० कोटींहून अधिक कृष्णधवल पिक्सेल येतात. बाग तेवढीच राहिली, तिचा हिशेब मात्र हजारो पटींनी वाढला.

मोठ्या क्षेत्राचा हिशेब लहान तुकड्यांवरून करण्याचा प्रश्न भारतात प्रथम गांभीर्याने पुढे आला तो शेतात. १९३७ पासून प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये तागाच्या पिकाची नमुना-पाहणी सुरू केली. निवडलेल्या शेतांतील लहान वर्तुळाकार तुकडे कापून उत्पादनाचा अंदाज घेण्याचा मार्ग त्यांनी पुढे अवलंबला. लहान तुकड्याला खर्च कमी येतो आणि तेवढ्याच पैशात अधिक ठिकाणी पोहोचता येते, हा त्यामागील विचार होता.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांना तो पटला नाही. सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले, डॉक्टरेट मिळवून परतले आणि १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक-कापणीच्या प्रयोगांचे शास्त्र उभारू लागले. लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पादन प्रत्यक्षापेक्षा जास्त भरते, असे त्यांना प्रयोगांत आढळले. १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी ते मांडले. कारण तुकड्याच्या कडेवर होते. दोरीच्या रेषेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, याचा निर्णय कापणी करणारा घेतो, आणि त्याचा कल ते आत ओढण्याकडे असतो. चौकोनाची बाजू निम्मी केली, की क्षेत्रफळ पाव होते, पण परिमिती निम्मीच होते; म्हणजे क्षेत्राच्या तुलनेत कडेचा वाटा दुप्पट होतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा दोष मोठा.

महालनोबिस यांचे म्हणणे असे, की प्रशिक्षित माणसे आणि काटेकोर देखरेख असेल तर हा दोष आटोक्यात राहतो. वाद दोन्ही बाजूंनी छापील पानांवर रंगला. पुढे देशातील अधिकृत पीक-कापणी प्रयोगांत मोठे तुकडे रूढ झाले. अनेक पिकांसाठी आजही ५ मीटर × ५ मीटरचा चौकोन आखला जातो. सुखात्मे पुढे रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे संचालक झाले. तुकड्याची चूक त्याच्या पोटात शोधण्याआधी कडेवर शोधावी, हा त्यांच्या प्रयोगांतून निघणारा धडा पिक्सेलांच्या जगातही जसाच्या तसा लागू पडला.

तिकडे मुंबईत यंत्राची बाजू तयार होत होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या चुंबकीय स्मृतीत २०४८ शब्द मावत, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आकडेमोडीचे आकडे आणि आज्ञावली या दोहोंना तेवढ्याच जागेत राहावे लागे. या संख्येचे मोल पुढे अठ्ठावीस वर्षांनी उलगडते.

आकाशातून रंग मोजण्याची भारतातील सुरुवात १९७० मध्ये केरळात झाली. पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली नारळाच्या बागांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त रंगीत फिल्मवर छायाचित्रे घेण्यात आली. मूळकुज रोगाने ग्रासलेली झाडे त्या फिल्मवर निराळ्या रंगाची दिसली. दोन वर्षांनी, २३ जुलै १९७२ रोजी, अमेरिकेने ‘ईआरटीएस-१’ हा उपग्रह सोडला. त्यालाच पुढे ‘लँडसॅट-१’ नाव मिळाले. त्याच्या एका दृश्याची रुंदी १८५ किलोमीटर होती आणि प्रत्येक पट्ट्यात सुमारे ७५ लाख पिक्सेल होते. त्या काळच्या संगणकांना एवढा भार पेलणारा नव्हता. म्हणून चुंबकीय फितींवर हे दृश्य आधीच चार उभ्या पट्ट्यांत कापून दिले जाई. प्रतिमा वापरणाऱ्याच्या हाती येई तीच तुकड्यांत.

भारताचा स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह ‘आयआरएस-१ए’ बंगळुरूच्या इस्रो उपग्रह केंद्राने साकारला, त्याचे कॅमेरे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातून आले आणि १७ मार्च १९८८ रोजी बैकनूरहून तो अंतराळात गेला. त्याचा कॅमेरा प्रतिमा ओळीओळीने टिपत असे. एका ओळीत प्रकाशसंवेदी घटक होते २०४८. प्रत्येकी ७२.५ मीटर धरले, की १४८ किलोमीटरचा पट्टा भरतो. टिफ्रॅकच्या एका शब्दात एक पिक्सेल ठेवला असता, तर या प्रतिमेच्या एका पट्ट्यातील एकाच ओळीने त्याची सारी स्मृती व्यापली असती आणि आज्ञावलीला जागाच उरली नसती. संगणकाची स्मृती वाढत गेली, तशी प्रतिमाही वाढत गेली. ही शर्यत स्मृतीला कधीच निर्णायकपणे जिंकता आलेली नाही. ज्या वर्षी हा उपग्रह गेला त्याच सुमारास नागपूर, बंगळुरू, डेहराडून, जोधपूर आणि खरगपूर येथे प्रादेशिक दूरसंवेदन सेवा केंद्रे उभी राहिली आणि प्रतिमांवरील संगणकीय काम देशभर पसरले.

आता खंड जोडण्याचे गणित. एका प्रतिमेचे दोन खंड आहेत असे मानू. पहिला पूर्ण खंड १००० पिक्सेलांचा, झाडीचा. एका पट्ट्यातील त्याची सरासरी ४०. दुसरा प्रतिमेच्या कडेला उरलेला, १०० पिक्सेलांचा, छपरांचा. त्याची सरासरी ९५. सरासऱ्यांची सरासरी ६७.५ येते. प्रत्यक्षात एकूण बेरीज ४९,५०० आणि पिक्सेल ११००, म्हणून खरी सरासरी ४५ आहे. प्रतिमेची लांबी-रुंदी खंडाच्या मापाने क्वचितच नेमकी भागली जाते, त्यामुळे उजव्या आणि खालच्या कडेला असे अपुरे खंड जवळजवळ नेहमीच उरतात. पूर्ण खंडांच्या पंगतीत त्यांना सारखे स्थान दिले, की ही चूक घडते.

विखुरलेपणाचा हिशेब त्याहून फसवा आहे. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी म्हणजे प्रचरण. वरील पहिल्या खंडाचे प्रचरण १६ आणि दुसऱ्याचे २५ असेल, तर संपूर्ण प्रतिमेचे प्रचरण या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी असावे असे वाटते. ते येते २६६.८. यातील १६.८ एवढाच भाग खंडांच्या आतील चढउताराचा आहे. उरलेला २५० हा दोन खंडांच्या सरासऱ्यांमधील अंतरातून येतो. एकूण विचलनाचे ‘गटांतर्गत’ आणि ‘गटागटांमधील’ असे दोन भाग करण्याची ही रीत रोनाल्ड फिशर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेतीच्या प्रयोगांसाठी घडवली. त्या प्रयोगांतील वाफ्यांच्या गटांनाही ‘ब्लॉक’ असेच म्हणत.

खंडांनी बेरीज आणि वर्गांची बेरीज पाठवली, तर दोन्हींवरून प्रचरण काढता येते. कागदावर हे सूत्र निर्दोष आहे, यंत्रावर मात्र ते घसरते. त्यात दोन प्रचंड संख्यांची वजाबाकी करून एक लहान संख्या मिळवावी लागते, आणि संगणक प्रत्येक संख्येचे मोजकेच अंक जपतो. महत्त्वाचे अंक नेमके वजाबाकीत नाहीसे होतात. ३२ बिटांच्या दशांश-संख्येत तर साधी बेरीजही अडखळते. एक एक मिळवत गेल्यास बेरीज १,६७,७७,२१६ पाशी थबकते आणि पुढे कितीही वेळा एक मिळवला तरी हलत नाही. लालबागेच्या कृष्णधवल प्रतिमेतील पिक्सेल मोजताना ही मर्यादा हाताच्या अंतरावर येते. यंत्र कोणतीही तक्रार करत नाही. उत्तर तेवढे चुकीचे देते.

यावरचा उपाय १९६२ मध्ये बी. पी. वेलफोर्ड यांनी ‘टेक्नोमेट्रिक्स’ या नियतकालिकातील एका लहानशा टिपणात मांडला. वर्गांची बेरीज साठवू नये; चालू सरासरी आणि त्या सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ठेवावी आणि प्रत्येक नव्या आकड्यासरशी ती दुरुस्त करत जावे. त्याच वर्षी बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजमध्ये एच. नरसिंहय्या यांनी ‘बंगळूर सायन्स फोरम’ची स्थापना केली आणि सामान्य नागरिकांसाठी विज्ञान-व्याख्यानांची परंपरा सुरू झाली. दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण ज्या काळात विज्ञान सभागृहात लोकांपर्यंत पोहोचू पाहत होते, त्याच काळात त्याच्या पायातील आकडेमोडही दुरुस्त होत होती. पुढे १९७९ मध्ये टोनी चॅन, जीन गोलब आणि रँडल लेव्हेक यांनी दोन खंडांचे सारांश थेट जोडण्याची रीत विशद केली. प्रत्येक खंडाने तीनच गोष्टी सांगायच्या : पिक्सेलांची संख्या, सरासरी आणि फरकांच्या वर्गांची बेरीज. दोन खंड जोडताना दोन्ही वर्ग-बेरजा मिळवायच्या आणि सरासऱ्यांतील अंतराच्या वर्गाला दोन्ही संख्यांच्या गुणाकाराने गुणून त्यांच्या बेरजेने भागलेली राशी त्यात घालायची. खंड कोणत्याही क्रमाने आले तरी उत्तर तेच राहते, म्हणून हे काम अनेक यंत्रांत वाटूनही देता येते. दोन पट्ट्यांमधील सहप्रचरणही याच रीतीने जोडले जाते. पिक्सेल झाडीच्या गटात मोडतो की पाण्याच्या, हे ठरवण्यासाठी वापरले जाणारे महालनोबिस यांचे १९३६ मधील ‘अंतर’ या सहप्रचरणावरच उभे आहे.

सर्व सारांश मात्र असे जोडता येत नाहीत. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर अगदी मधोमध येणारे मूल्य, हे त्याचे उदाहरण. दोन खंडांचे मध्यक हाती असले तरी त्यांवरून पूर्ण प्रतिमेचा मध्यक सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्येक खंडाने आपला वारंवारता-तक्ता, अर्थात हिस्टोग्राम, पाठवावा लागतो : कोणते मूल्य किती वेळा आले. ११ बिटांच्या प्रतिमेत शक्य मूल्ये २०४८ असतात. ३०० कोटी पिक्सेलांचा एका पट्ट्यातील संपूर्ण रंगवृत्तान्त २०४८ रकान्यांत सामावतो, आणि त्यातून मध्यकही मिळतो. ज्या स्मृतीत आयआरएसच्या प्रतिमेची एकच ओळ मावली असती, तेवढ्याच घरांत आजच्या प्रतिमेचा सारा तक्ता बसतो. गणना शक्य झाली ती केवळ यंत्रे मोठी झाल्यामुळे नाही. काय जपायचे आणि काय सोडून द्यायचे, हे उमगल्यामुळेही.

कडेचा प्रश्न अजून उरतोच. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांच्या प्रतिमा सुमारे ११० किलोमीटर बाजूच्या चौकोनी फरश्यांत मिळतात, पण फरश्यांची जाळी १०० किलोमीटरची आहे. म्हणजे शेजारच्या फरश्या एकमेकींवर सुमारे १० किलोमीटर चढलेल्या असतात. हिशेब करणाऱ्याने हे ध्यानात घेतले नाही, तर त्या पट्ट्यातील शेते दोनदा मोजली जातात. सुखात्मे यांच्या दोरीवरचे रोप येथे पिक्सेल होऊन उभे आहे. ढगांचेही तसेच. ढगाने झाकलेल्या पिक्सेलाला बहुधा शून्य किंवा एखादे सांकेतिक मूल्य दिलेले असते. तो शून्य बेरजेत धरला, तर हिरवे शेत कागदावर करपते. खंडाची संख्या म्हणजे त्याचे क्षेत्रफळ नव्हे. त्यातील ग्राह्य पिक्सेलांची संख्या हीच त्याची खरी संख्या. खरीप हंगामात, महाराष्ट्रावर पावसाळी ढग असताना, या दोहोंत मोठे अंतर पडू शकते.

या चुकांची किंमत केवळ वर्गातील गुणांत मोजली जात नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई एकेका शेतावरून न ठरता क्षेत्राच्या सरासरी उत्पादनावरून ठरू शकते. महाराष्ट्रात असे क्षेत्र म्हणजे सामान्यतः महसूल मंडळ. २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादन-अंदाजात उपग्रहाधारित तंत्रज्ञानाला किमान ३० टक्के वजन देण्याची तरतूद झाली. मंडळाच्या सीमा नद्या-नाल्यांनी आणि जुन्या अभिलेखांनी ठरलेल्या. प्रतिमेच्या फरश्या सरळ रेषांनी. एकच मंडळ दोन-तीन खंडांत विभागले जाणे स्वाभाविक आहे. त्या तुकड्यांच्या सरासऱ्या संख्येविना जोडल्या गेल्या, तर मंडळाचा एक लहानसा हिरवा कोपरा उरलेल्या करपलेल्या शिवाराला झाकून टाकू शकतो, आणि ज्याच्या शेतात काही उगवले नाही त्याला कागदावर पीक दिसते.

बंगळुरूच्या बाबतीत अशा मोजणीने काय हाती लागते, हे भारतीय विज्ञान संस्थेतील टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसते. लँडसॅटच्या १९७३ मधील प्रतिमांपासून पुढच्या चार दशकांच्या प्रतिमांची तुलना करून त्यांनी मांडले, की शहराचे बांधीव क्षेत्र ५८४ टक्क्यांनी वाढले, हरित आच्छादन ६६ टक्क्यांनी आणि जलक्षेत्र ७४ टक्क्यांनी घटले. बसवनगुडीची वस्ती १८९८ च्या प्लेगनंतर दाटीतून सुटण्यासाठी मोकळ्या हवेत वसवली गेली होती. तिच्या एका बाजूला लालबाग आहे, दुसऱ्या बाजूला केंपेगौडांच्या काळातील केंपांबुधी तलाव. संपूर्ण शहराच्या सरासरीत या दोहोंचा वाटा अल्प आहे. तरीही प्रत्येक खंडाची संख्या जपली असेल, तर तो वाटा नेमका किती, हे सांगता येते आणि दहा वर्षांनी पुन्हा मोजून ताडताही येते.

बुल टेंपल रोडवरच १९४६ पासून उभ्या असलेल्या बी. एम. एस. अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आज हे सारे गणित आठ-दहा ओळींच्या आज्ञावलीत लिहिता येते. त्या ओळींत खंडाची सरासरी बाहेर पाठवताना सोबत त्याच्या ग्राह्य पिक्सेलांची संख्या पाठवली आहे की नाही, एवढे एकदा तपासणे पुरेसे आहे. जत्रेतील राशीपाशी बसलेला विक्रेता माप टाकताना संख्या मोठ्याने म्हणतो. हिशेब पुढे कोणीही केला, तरी तो त्या संख्येशिवाय पुरा होत नाही.